उतरवणी बाकी आहे

नागपूर, गोळीबार चौक
ता. ५ फेब्रुवारी १९५६

अन् ही सायकल काय मी डोक्यावर घेऊन फिरू? महिना झाला, अंगणात तशीच उभी आहे. हँडलले झेंडूच्या माळा वाळून लोंबून राहिल्या. शेजारची बकरी येते, माळ ओढते, सायकल धाडकन पडते, अन् खाटेवरून ताराचंद ओरडतो, "माय, काय पडलं?" दिवसातून दोनदा हेच. सायकलसोबत चार बांबू, दोराचं भेंडोळं, भोंगा, अन् 'सात दिवस सात रात्री जमिनीले पाय न लावता' अशी लाल अक्षरांची पाटी. हे सगळं तुमचं आहे भाऊजी. कोष्ट्याच्या घरात माग मावत नाही, तिथं तुमचा तमाशा कुठं ठेवू?

तुम्ही म्हणाल, वैनी बिनानमस्काराची सुरू झाली. हव, झाली. थोरल्या भावजयीनं धाकट्या दिराले आशीर्वाद लिहायचा असतो, तो या पत्रात नाही. पत्ता शेजारच्या प्रयागबाईच्या भावानं दिला. तो संत्र्याचे बगीचे पाहायले काटोलले गेला होता. आल्यावर म्हणाला, बस अड्ड्याजवळच्या सायकल दुकानात नत्थूजी पंक्चर काढत बसले आहेत. मी म्हटलं, चला, जिवंत आहेत म्हणायचे.

दवाखान्यात मी तुम्हाले चार लोकांदेखत म्हटलं होतं, यापुढे मले तोंड दाखवू नका. म्हटलं होतं. माझा एकुलता एक पोट्टा तुमच्या भरवशावर सायकलवर चढला. पाचव्या दिवशी पहाटे त्याच्यासोबत पळायचं सोडून तुम्ही चहा प्यायले गेले, तो झोपेत पडला, अन् गुडघ्याखालचं हाड दोन जागी मोडून आला. त्या दिवशी मी काय म्हणू, या, बसा, पान खा? पण तुम्ही इतकं ऐकाल असं वाटलं नव्हतं. मी या घरात सून होऊन आली तेव्हापासून तुम्ही माझं एक ऐकलं नाही. माग शिका म्हटलं त सायकल शिकले. लग्न करा म्हटलं त जबलपूरले पळाले, सायकलचा उस्ताद करायले. पुतण्याले तरी या नादाले लावू नका म्हटलं, त त्याले बाराव्या वर्षीच सीटवर बसवला. सारं आयुष्य नाही ऐकलं, अन् ऐकलं ते हेच एक.

आता त्याचं सांगते. मांडीपासून बोटापर्यंत पांढरं पलास्तर आहे. होळीच्या आधी निघेल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हललाच नाही त पाय येईल, हलला त वाकडा जुळेल. जो पोट्टा चार रात्री न झोपता फिरला त्याले खाटेवर झोप येत नाही. आढ्याचे वासे मोजतो. दूधवाल्याले विचारतो, कामठीच्या रस्त्यावर वारा कोणीकडून आहे. तुले काय करायचं रे वाऱ्याचं? बायकोवर खेकसतो. पुष्पलता बिचारी उमरेडची गरीब पोरगी, लग्नाले वर्ष नाही झालं. माझ्यावरही खेकसतो. मी उलटून दोन देते, मग जरा बरा राहतो.

संध्याकाळी रोज एकच, "काका आला का?" मी म्हणते, नाही आला. तो भिंतीकडे तोंड करतो.

फडताळात तो दुसरा नारळ आहे. चढताना एक फोडला, उतरताना फोडायचा तो हा. मी म्हटलं, पडून पडून खवट होईल, चटणी करून टाकते. त असा ओरडला की तुमचे भाऊ माग थांबवून बाहेर आले. त्याले काय झालं आहे ते मले समजत नाही, तुम्हाले समजत असेल. तो माझं ऐकत नाही, बापाचं ऐकायले बाप बोलत नाही. तुम्ही दोन ओळी लिहा, की पडून राहा म्हणून. अन् सायकल घेऊन जाण्याची व्यवस्था करा.

भागीरथा


ता. १५ फेब्रुवारी

पत्राचं उत्तर नाही, करंडी आली. कंडक्टर म्हणाला, कोणी दिली ते सांगायचं नाही. म्हटलं, नको सांगू बापा, मी काय बयताड आहो? करंडीच्या सुतळीले जी गाठ होती ती ताण्याचा धागा जोडायची गाठ. काटोलचा बागवान अशी गाठ मारत नाही. अशी गाठ आमच्याच घरात मारतात, अन् त्यातही शेवट दाबून डावीकडे सोडायची खोड एकाच माणसाले आहे.

संत्री चांगली होती. पोट्ट्यानं खाल्ली, पुष्पलतेनं खाल्ली, प्रयागबाईच्या घरी पाठवली. मी नाही खाल्ली. एक खाल्लं, किडकी त नाहीत हे पाहायले.

सायकल न्यायले कोणी आलं नाही ते बरंच झालं. ताराचंदनं नवं खूळ काढलं. बापाले सांगून सायकल खाटेजवळ आणवली अन् उलटी करून ठेवली, सीट खाली, चाकं वर. आता पडल्या पडल्या हातानं पायडल फिरवतो. सकाळपासून घर्रर्र. म्हटलं, हे काय? म्हणे, "पाय बंद झाले माय, दम बंद झाला नाही पाहिजे." दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, फिरवतोच आहेस त फुकट काहून फिरवतो? मागच्या चाकाचं टायर-ट्यूब काढून टाकली, तुमची परवानगी विचारली नाही, अन् कांड्या भरायच्या चरख्याची दोरी त्या चाकावर चढवली. आता तो फिरवतो अन् पुष्पलता सूत धरते. धोट्यातल्या कांड्या अशा भराभर भरून निघून राहिल्या की सांगू नका. मी अन् पुष्पलता दोघी मिळून दिवसभरात जेवढ्या भरत होतो तेवढ्या दुपारच्या आत.

काल तुमचे भाऊ मागाच्या खड्ड्यातून वर पाहून म्हणाले, "थांबव वं त्याले. एवढ्या कांड्यांचं मी काय लोणचं घालू?" या साली पहिल्यांदा गंमत केली त्यांनी.

अन् काल तो झोपला. जेवण झालं अन् पाणी प्यायच्या आधी झोपला. तोंडावर हात ठेवून, लहानपणी झोपायचा तसा. सातव्या दिवशी जिंकून आला असता त असाच झोपला असता. मी उठवलं नाही.

हे तुम्हाले काहून सांगून राहिली ते मले माहीत नाही. दोन ओळी लिहायले हात झिजत नाहीत.

भागीरथा


ता. २७ फेब्रुवारी

दुसरी करंडी नको. आता आमच्या गल्लीत लोक विचारून राहिले की काटोलले तुमचं कोण आहे. काय सांगू, कोणी नाही?

एक गोष्ट कळवायची आहे, ती कळवून टाकते. परवा मी ताराचंदले बोलली, तुझा काका चहाच्या मागे लागला म्हणून तू असा पडला. त तो हातातलं पायडल सोडून माझ्याकडे पाहत राहिला.

"काकाले मीच पाठवलं," म्हणे.

"तू?"

"हव. चार रात्री माझ्या बाजूनं पळून पळून काकाचे पाय सुजले होते. चप्पल पायात जात नव्हती. मी म्हटलं, जा काका, एक घोट घेऊन या, मी जागा आहो."

"अन् तू झोपला."

"अन् मी झोपलो."

"हे दवाखान्यात काहून नाही सांगितलं?"

"तू बोलू देऊन राहिली होती का कोणाले?"

त हे असं आहे. याचा अर्थ मी काही परत घेतलं असा करू नका. पोट्ट्यानं जा म्हटलं तरी मोठ्या माणसानं जायचं नसते. पण तुमच्या पायाचं मले माहीत नव्हतं. तुम्हीही बोलले नाही. आमच्या या घरातल्या पुरुषांना तोंड काय फक्त भाकर खायले दिलं आहे?

दुसरं. पोट्टा आता आळशी झाला आहे. एक पाय पलास्तरात आहे, तो हलवायचा नाही, मान्य. दुसरा त धड आहे! मी म्हणते, तो टेकव, भिंतीले धर, पुष्पलतेचा खांदा घे, अन् मोरीपर्यंत जा. "नाही माय." काहून नाही? "नाही म्हणजे नाही." अन् तुमचे भाऊ, ज्यांच्या कमरेचं तुम्हाले माहीत आहे, ते मागावरून उठतात, खाटेजवळ उकिडवे बसतात, अन् म्हणतात, "बस गा पाठीवर." बावीस वर्षांचा घोडा बापाच्या पाठीवर बसून मोरीले जातो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गल्लीतले पोट्टे पाहून हसतात. त्याले लाज नाही, यांनाही नाही. मलेच आहे सगळ्यांच्या वाटची.

भागीरथा


ता. ८ मार्च

पलास्तर निघालं.

पाय पाहिला अन् मी तोंड फिरवलं. अंबाडीची काडी. तुम्ही ज्या पोटरीवर तेल जिरवत होते ती कुठं गेली कोण जाणे. पण डॉक्टर खूश होते. म्हणाले, हाड सोळा आणे जुळलं. उद्यापासून पाय टेकवा, धरून धरून चालवा. आता पडून राहायचं नाही. आता पडून राहिला त गुडघा आखडून बसेल, अन् महिना गेला की मग कोणाच्या बापाले सरळ होणार नाही. दोन महिने हलू नका म्हणून जीव खाल्ला, आता हला म्हणून खाऊन राहिले. पण त्यांचं म्हणणं आहे ते आहे.

आम्ही सगळे तयार. तुमच्या भावानं जुन्या मागाच्या लाकडाची कुबडी केली, काखेत टोचू नये म्हणून वर चिंध्या गुंडाळल्या. प्रयागबाई तिळाचं तेल घेऊन आली. मी पुरण घातलं. ताराचंद खाटेच्या काठावर बसला. पाय खाली सोडले. जमीन वीतभर राहिली असेल. अन् त्यानं दोन्ही पाय वर घेतले, मांडी घालता येत नाही तरी अर्धी मांडी घातली, अन् म्हणाला, "आज नाही."

आज नाही त नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी खाली बसली, त्याचा धडका, न मोडलेला पाय दोन्ही हातांत धरला अन् जमिनीकडे ओढला. त्यानं असा हिसका दिला की मी मागच्या मागे सुताच्या टोपलीत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मले लागलं म्हणून. पण पाय नाही दिला.

दुखतं का? नाही. भीती वाटते का? नाही. मग काय झालं? कांड्या मात्र भरून राहिला. आता कांड्या ठेवायले डबा नाही.

मी शिव्या दिल्या, गोड बोलली, पुरण दिलं, पुरण नाही दिलं. माझं आता चालत नाही भाऊजी. गिरणीचं सूत आजकाल फार खराब येऊन राहिलं. माझ्या हातून सारखं तुटतं. तुमचे भाऊ म्हणतात, सूत तेच आहे.

तुम्ही असे किती पोट्टे चढवले, उतरवले. एखादा पडलाही असेल. पडल्यावर मनात काही बसतं का? बसलं त कशानं निघतं? रागावलेल्या माणसाले लिहायचं नसेल त नका लिहू, कोणत्याही सायकलवाल्याले आपण सांगतो तसं सांगा. पण सांगा.

भागीरथा


ता. १३ मार्च

समजलं. सगळं समजलं, अन् समजल्यावर मी पायरीवर बसून हसली. मग हसू गेलं.

पुष्पलतेनं सांगितलं, नळावर. घागर भरून झाली तरी उचलेना. म्हटलं, उचल वं, मागे रांग लागली. म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका, त्यांनी कोणाले सांगू नको म्हटलं आहे. ते म्हणतात, मी अजून उतरलोच नाही."

"कशावरून उतरला नाही?"

"सायकलवरून."

घरी आली अन् सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. म्हटलं, बोल.

मग बोलला. जे बोलला ते तुमचंच आहे, तुम्हाले कशाले सांगू, पण माझ्या तोंडानं ऐका कसं लागतं ते. चढायच्या आधी जमिनीले डोकं टेकवून म्हणायचं, माय, सात दिवसांची रजा दे. मग सातव्या दिवशी उस्तादानं हँडल धरायचं, नारळ फोडायचा, जमिनीवर हळदीचं पाणी शिंपडायचं, माय, तुझं लेकरू तुले परत घे, असं म्हणायचं, अन् पोट्ट्याचा पाय आपल्या हातात घेऊन जमिनीवर ठेवायचा. उस्तादानं उतरवल्याशिवाय पाय टेकवला त जमीन पाय धरत नाही. मैदानात मी हे दोनदा पाहिलं होतं. मले वाटलं, लोकांनी टाळ्या वाजवाव्या म्हणून नाटक आहे, भोंग्यासारखं.

म्हटलं, "अरे शहाण्या, पाचव्या दिवशी पडला तेव्हा कशावर पडला? आभाळावर?"

"पडलो माय. उतरलो नाही. पडणं वेगळं."

"पाय लागला असेल ना?"

"पाय सायकलीत अडकला होता. पाठ लागली, डोकं लागलं. लोकांनी उचलून खाटेवर ठेवलं, खाटेवरून बंडीत, बंडीतून दवाखान्यात. पाय लागला नाही. मी शुद्धीवर होतो, मी पाहिलं."

आता समजलं मले, बापाची पाठ काहून लागत होती. धडका पायही काहून टेकवत नव्हता. दोन महिने हा पोट्टा अजून सायकलवर आहे भाऊजी. तुम्ही सात दिवसांचा खेळ मांडला होता.

"अन् तुझ्या काकानं कधीच नाही उतरवलं त?"

"त्यानंच चढवलं आहे. तोच उतरवेल."

"तो काटोलले पंक्चर काढून राहिला!"

"येईल."

मी तुमच्या भावाकडे पाहिलं, की तुम्ही तरी सांगा या बयताडाले. त ते खड्ड्यात पाय सोडून बसले होते, धोटा हातात. म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. ज्यानं ताणा चढवला त्यानंच लुगडं मागावरून उतरवावं. दुसऱ्यानं कापलं त कापड आखडतं." अन् पुन्हा माग सुरू. खटक, खटक. म्हणजे घरात दोन अन् काटोलले तिसरा. मी एकटीच शहाणी. मले त शहाणपणाचाच कंटाळा आला आहे.

डॉक्टरले मी हे सांगणार नाही. डॉक्टरनं महिना म्हटलं, त्यातले दिवस चालले आहेत. काल तेल लावताना गुडघा माझ्या हाताखाली कडकड वाजला. आधी असा वाजत नव्हता.

म्हणून आता नीट लिहिते. या. बसनं या. नारळ फडताळात आहे, हळद माझ्या घरात आहे, जमीन जिथं होती तिथं आहे. फक्त उस्ताद नाही. दोन मिनिटांचं काम आहे. करा अन् जा पाहिजे त.

भागीरथा


ता. १९ मार्च

तुमचं कार्ड आलं. इतक्या पत्रांवर एक कार्ड, अन् त्यावर तीन ओळी. 'वैनी, ज्या हातानं त्याले सोडलं त्या हातानं उतरवायची माझी लायकी नाही. जबलपूरच्या उस्तादाले लिहितो, ते कोणाले तरी पाठवतील. भोंगा अन् बांबू विकून टाका.'

वा! दाखवलं ताराचंदले. दाखवायचं नव्हतं, पण त्यानं अक्षर ओळखलं अन् हात पुढे केला. वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं. म्हणाला, "काकाचे पाय बरे आहेत का, ते नाही लिहिलं." तेव्हापासून पायडलही फिरवत नाही. कालपासून घर चूप आहे. तुमच्या भावाचा माग चालतो तेवढाच आवाज. मले त्या चाकाची घर्रर्र नकोशी झाली होती, आता कान तिकडेच लागतात.

लायकी तुम्ही ठरवणार? मी या घरात आली तेव्हा मले अक्षर येत नव्हतं. तुम्ही तिसरीत होते, शेंबूड पुसायची अक्कल नव्हती. मागाच्या लाकडावर खडूनं 'भ' काढून म्हणत होते, "वैनी, ही तू." तेव्हा मास्तर व्हायची लायकी आहे का हे कोणाले विचारलं होतं? शिकवलं अन् मी शिकली. त्याच अक्षरांनी आज तुम्हाले बोलून राहिली. जे हातून होते ते करायचं असते. लायकी मागून पाहता येते.

अन् जबलपूरचा कोणी इथं पाठवू नका. मी त्याले दारातून परत पाठवीन. पोट्ट्यानं त्याच्या हातून रजा घेतली नव्हती.

आता माझ्या बोलण्याचं. तुम्ही त्याचं निमित्त करून बसले आहात हे मले कार्डात न लिहिताही दिसतं. तोंड दाखवू नका म्हटलं होतं, ते म्हटलंच होतं. मी बोललेलं परत घेत नाही, हे तुम्हाले माहीत आहे, तुमच्या भावाले त चांगलंच माहीत आहे. माफी वगैरे माझ्याकडून होणार नाही अन् तुमच्याकडून मले नको. पण मी तोंडाचं बोलली होती. हाताचं बोलली नव्हती. मले तुमचे दोन हात पाहिजेत.

म्हणून मी असं ठरवलं आहे. येत्या सोमवारी होळी आहे, मंगळवारी धुळवड. धुळवडीले काटोलहून बस सुटेल न सुटेल, म्हणून होळीच्या संध्याकाळच्या बसनं या अन् प्रयागबाईच्या घरी उतरा. तिले मी सांगून ठेवलं आहे, ती खाट टाकेल. सकाळी तिचे पोट्टे तुम्हाले रंग फासतील. चांगला काळा-निळा, पक्का फासायले सांगितला आहे, नाकडोळे दिसू नयेत असा. मग गल्लीतल्या सगळ्यांसारखेच तुम्ही. कोणाचं तोंड कोणतं, मले काय कळणार? तसे आमच्या दारात या. मी तोंड पाहिलं नाही, माझा शब्द राहिला. हात धुऊन या मात्र. हळदीत रंग नको.

सायकलचं मागचं टायर मी चढवून घेतलं. चौकातल्या दुकानदारानं चढवलं, वाकडं चढवलं असेल, तुम्ही पाहून घ्या. तुमचे भाऊ म्हणाले, ताराचंदले आधी सीटवर बसवू, तुम्ही हँडल धरा, मागून मी धरीन. म्हणजे उतरवणी खरी होईल. अंगणात चुन्यानं गोल आखायचं त्यांच्या डोक्यात आहे. मी म्हटलं, भोंगा नाही लावायचा. ते म्हणाले, थोडा लावू. थोडा भोंगा कसा लावतात ते तुम्हालेच माहीत. बांबू विकले नाहीत.

पाय टेकवल्यावर तो लगेच चालणार नाही, हे मले समजतं. मी येडी नाही. काडीसारखा पाय आहे, महिना-दोन महिने धरून धरून चालेल, रडेल, खेकसेल. सायकलवर पुन्हा चढला नाही तरी माझं काही जाणार नाही, अन् चढला तरी मी आता अडवणार नाही. पण आधी त्याले जमिनीवर येऊ द्या. अन् संध्याकाळी त्याले चालवायले बाजूनं कोणीतरी पाहिजे. तुमच्या भावाची कमर गेली आहे. तुमच्या पायांची सूज उतरली का? प्रश्न त्याचा आहे, मी फक्त लिहून राहिली.

आशीर्वाद याही पत्रात नाही. तो काही टपालात घालायची चीज नाही. समोर उभ्या माणसाले देते.

सोबत कोरं जबाबी कार्ड आहे, पत्ता मीच लिहिला आहे, तुम्हाले फक्त एक शब्द लिहायचा आहे. 'येतो' किंवा 'नाही'. लायकी, उस्ताद, जबलपूर, यातलं काही लिहू नका, जागा नाही. शुक्रवारच्या डाकेनं ते कार्ड माझ्या हातात पडलं पाहिजे. शनिवारी आलं त मी घेणार नाही, डाकवाल्याले तसं सांगितलं आहे. शुक्रवारी आलं नाही त धुळवडीले मी स्वतः हळद कालवीन, नारळ फोडीन, अन् पोट्ट्याचा पाय माझ्या हातानं जमिनीवर ठेवीन. मग जमिनीनं धरला नाही त तिच्याशी मी भांडीन. पण मले ते करायले लावू नका भाऊजी. तो तुमची वाट पाहून राहिला.

शुक्रवार. विसरू नका.

भागीरथा